तालमीला तास द्या

शाळा-कॉलेजात नाटक बसवणाऱ्या मास्तराला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमच्या हाताखालून किती नट तयार झाले? सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी नाटक आणि शिकवणं यांतच आयुष्य गेल्यावर मला वाटतं, हिशेब नटांचा मांडूच नये. तालमीला उभी राहून किती पोरं आपलं म्हणणं मांडायला आणि दुसऱ्याचं ऐकायला शिकली, याचा मांडावा. शाळेनं नाटकाकडून घ्यावी अशी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तालीम. आपण मात्र स्नेहसंमेलनातला प्रयोग तेवढा उचलला आणि तालीम शाळेच्या बाहेर ठेवली.

वर्गात उत्तर चुकलं की गुण जातो आणि विषय मिटतो. तालमीत वाक्य चुकलं की कामाला सुरुवात होते. पुन्हा म्हण. आता त्याच्याकडे बघून म्हण. तो काय बोलला ते ऐकलंस का, मग उत्तर दे. वर्षानुवर्षं 'खाली बस' एवढंच ऐकलेल्या पोराला 'पुन्हा म्हण' ऐकायला मिळतं, तेव्हा आपल्यासाठी कुणी तरी थांबायला तयार आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं.

रंगभूमी आणि शिक्षण यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. या गंगेच्या वरच्या अंगाला, पैठणात, सोळाव्या शतकात एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशी लोकांच्या ओळखीची सोंगं भारुडांत उभी केली आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितलं. 1855 साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो, हे त्यात पायरीपायरीनं दाखवलं आहे. विदूषक मधूनमधून बोलतो आणि बघणाऱ्याला विचार करायला लावतो. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेची वाट धरतं. दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं. पण मुलींसाठी शाळा काढणाऱ्या माणसाला नाटक लिहावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अन्याय होतो एवढं सांगून भागत नाही. तो कुठल्या शब्दानं, कुठल्या लकबीनं होतो ते समोर घडलेलं दिसावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्याचा पडताळा मला एका तालमीत आला. ऊसतोडीवर पोरांनीच एक प्रवेश रचला होता. मुकादमाचं काम करणारा मुलगा आवाज चढवून, मिशीवर ताव देत बोलत होता. बघणारी पोरं खूश होती. मागं बसलेला, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "सर, मुकादम वरडत नसतो. वही उघडतो." त्याला पुढं बोलावलं. तो बाजेवर बसल्यासारखा बसला, वही उघडली, पान उलटलं आणि वर न बघता हळूच विचारलं, "उचल कव्हा फेडायची मग?" वर्ग एकदम गप्प झाला. समोर बापाचं काम करणाऱ्या मुलाला त्याचं पाठ केलेलं वाक्य म्हणवेना. कर्ज आणि सत्ता यांवर मी तासभर बोललो असतो, तरी वहीच्या त्या एका पानाइतकं पोरांच्या हाती लागलं नसतं. त्या मुलाला ते ठाऊकच होतं. फक्त ते ज्ञान आहे, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

आमच्या भागात दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांवर निघतात. काही लेकरं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आई-बापाबरोबर फडावर जातात. तो मुलगाही गेला. त्याची भूमिका एका मुलीनं घेतली आणि वही उघडण्याची त्याची रीत जशीच्या तशी ठेवली. म्हणून आमच्याकडे प्रत्येक संवाद सगळ्यांना पाठ असतो. भूमिका कुणा एकाची नसते. गेलेल्याचं काम उरलेल्यांनी सांभाळायचं आणि तो आला की त्याला परत द्यायचं, हा धडा कुठल्या पुस्तकात नाही.

घरच्या भाषेचंही त्या मुलाच्या ज्ञानासारखंच आहे: ती असते, पण तिला कुणी मोल देत नाही. तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगमंचावर आणलं. एकटा माणूस 52 पात्रं उभी करायचा, तीही मराठवाड्याच्या बोलीच्या जोरावर. आपली आजी बोलते ती भाषा भरल्या नाट्यगृहाला धरून ठेवते, हे पाहिलेला विद्यार्थी बोलताना कचरत नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण घरची बोली मोडून नको. बोलीत धीट झालेलं पोर पुढं कुठलीही भाषा उचलतं.

पालकांचा आक्षेप मी कधी हसण्यावारी नेला नाही. आमच्या पोरांना गणित-इंग्रजी द्या, नाटकानं पोट भरतं का? त्यांची काळजी खरी आहे. पण याच पोरांना उद्या बँकेत, तहसीलमध्ये, मुलाखतीत कुणासमोर तरी उभं राहायचं आहे. वही उघडून बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर देऊन हिशेब विचारायचा आहे. त्याचा सराव शाळेत नाही करायचा, तर कुठं करायचा?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कलेची अध्यापनाशी सांगड घालायला सांगितलं आहे. त्यासाठी रंगमंच लागत नाही, पोशाख लागत नाहीत. वेळापत्रकात आठवड्याला एक तास तालमीचा लिहावा. शाळा उघडल्यापासूनच तो घ्यावा, म्हणजे टोळीबरोबर जाणाऱ्या लेकरांनाही मिळेल. त्याला परीक्षा नको, बक्षीस नको, शेवटी प्रयोग झालाच पाहिजे अशी अटही नको. एवढं माझ्या हयातीत आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत व्हावं, ही माझी मागणी आहे, आणि त्यासाठी लागेल तिथं जाऊन शिकवायची माझी तयारी आहे.