कुंपणाची उंची

घराच्या धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे वरून कोणी पडून त्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही, असा एक नियम अनुवादाच्या २२व्या अध्यायात आहे. उपदेशासाठी हा भाग क्वचितच निवडला जातो. तो एखाद्या नगरपालिकेच्या परिपत्रकात शोभावा इतका रुक्ष आहे. परंतु ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, जो कदाचित कधी येणारही नाही, अशा मनुष्याची काळजी त्यात आधीच वाहिलेली आहे.

आवाराच्या भिंतींविषयीचे आजचे नियमही असेच रुक्ष दिसतात. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक भागांत २०२० पासून लागू असलेल्या नियमावलीप्रमाणे रस्त्याकडील कुंपणभिंत रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटरहून उंच नसावी, ती २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा हवा. कोपऱ्यावरील भूखंडाला तर दोन्ही अंगांनी १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरचीच बांधता येते, वर हवे तर गज लावावेत. फाटक आतल्या बाजूस उघडावे, पादचाऱ्यांच्या वाटेवर नव्हे. अन्य प्रांतांत आकडे निराळे असतील. पण वळणाआडून सायकलवर येणारे मूल गाडीवाल्याला दिसावे, एवढ्यासाठी मालकाला स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने बांधलेली भिंत ठेंगणी ठेवावी लागते, याला मी तरी शेजारधर्मच म्हणेन.

मात्र या नियमांना एक गोष्ट मोजता येत नाही. ती म्हणजे कुंपण घालणाऱ्याचे मन.

अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरात, नॉब हिल टेकडीवर, चार्ल्स क्रॉकर नावाच्या रेल्वेसम्राटाने हवेलीसाठी सगळा चौक विकत घेतला. एकच तुकडा राहिला. तेथे निकोलस युंग हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा जर्मन गृहस्थ राहत असे आणि मनासारखी किंमत येईना म्हणून तो विकावयास तयार नव्हता. १८७६च्या सुमारास क्रॉकरने आपल्याच जागेत, युंगच्या घराच्या तीन बाजूंना, सुमारे ४० फूट उंचीचे लाकडी कुंपण उभारले. खिडक्यांतला उजेड गेला. एका इंचाचेही अतिक्रमण झाले नव्हते! युंग १८८० साली वारला, क्रॉकर १८८८ साली. युंगच्या वारसांनी तो तुकडा १९०४ साली क्रॉकर कुटुंबाला विकला, तेव्हा कुठे कुंपण पडले. दोनच वर्षांनी भूकंपानंतरच्या आगीत ती हवेलीही जळाली आणि कुटुंबाने ती जागा एपिस्कोपल मंडळीला दिली. आज तेथे ग्रेस कॅथीड्रल उभे आहे. या योगायोगातून धडा काढण्याचा मोह होतो. पण जिवंतपणी युंगच्या घरात ऊन आले नाही, ते नाहीच.

अशा कुंपणांवर तिकडे पुढे कायदे झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ साली, शेजाऱ्याला त्रास देण्याच्या दुष्ट हेतूने विनाकारण ६ फुटांहून उंच घातलेले कुंपण उपद्रव ठरविले. १८८९ साली न्यायमूर्ती होम्स यांनी तो कायदा वैध ठरविताना एक कसोटी सांगितली. शेजाऱ्याला त्रास होतो याचे मालकाला समाधान वाटते, एवढ्याने तो दोषी होत नाही. ते वैर नसते तर हे कुंपण उभेच राहिले नसते, असे असले पाहिजे. कायद्याने अंतःकरणात याहून खोल शिरू नये असे मलाही वाटते. हेतूची झडती घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याच्या हाती गेला, तर कोणाचेच अंगण सुरक्षित राहणार नाही. पण म्हणून, कायदा जेथे थांबला तेथे मी निर्दोष ठरलो काय?

हा प्रश्न मला घरातच भेटला. पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांच्या पन्हाळीचे पाणी आमच्या आवारात पडे. त्यावरून बोलाचाली झाली आणि अबोला धरला गेला. त्यानंतर मी सामाईक भिंतीलगत बांबूची उंच ताटी उभी केली व तीवर कृष्णकमळाचा वेल चढविला. ज्या फुलात जुन्या मिशनऱ्यांनी प्रभूचा काट्यांचा मुकुट आणि खिळे पाहिले, तेच फूल! येणारे-जाणारे वेलीचे कौतुक करीत. पालिकेचा आक्षेप नव्हता. शेजाऱ्यांच्या वृद्ध मातोश्री सकाळी पडवीत उन्हाला बसत असत; दोन महिन्यांत वेल दाट झाला आणि त्यांची खुर्ची तेथून हलली. ती हललेली मी पाहिली होती.

होम्स यांची कसोटी वाचली तेव्हा पहिल्यांदा मी स्वतःशी युक्तिवाद केला. फुले मला आवडतात, आडोसा हवाच होता, वेलीला आधार लागतोच. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण भांडण झाले नसते तर ही ताटी मी तेथे, एवढी उंच उभारली असती काय? याचे उत्तर द्यावयास मला एक आठवडा लागला, आणि उत्तर तर मला पहिल्याच दिवशी ठाऊक होते.

पुढच्या शनिवारी मी ताटीचा वरचा भाग कापून काढला. वेल तोडावा लागला नाही. खाली ओढून आडवा बांधला. शेजाऱ्यांशी त्याविषयी बोलण्याचे धैर्य मात्र झाले नाही. खुर्ची पडवीत परत आली आहे. पन्हाळीचे पाणी अजूनही आमच्याच आवारात पडते.