आधी बायकांची सभा

गावची ग्रामसभा भरण्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच लिहिलेलं आहे. शहरातल्या वाचकाला ही तरतूद सहसा ठाऊक नसते. ठाऊक झाली की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग पुरुषांची वेगळी सभा का नाही?’ बहुतेकदा तो थट्टेनंच विचारतात. पण प्रश्न चांगला आहे, थट्टेवारी घालवण्याजोगा नाही.

अशी एक सभा माण तालुक्यात पाहिली होती. देवळाचा सभामंडप, टळटळीत दुपार. ग्रामसेवक विषयपत्रिका वाचत होते आणि कुणाचं लक्ष नव्हतं. मध्येच एक म्हातारी म्हणाली, “भाऊसाहेब, ते ऱ्हाऊ द्या. टँकरचं सांगा.” हशा झाला आणि तोंडं उघडली. पाणी झालं, रेशन झालं. मग एक तरणी सून खाली बघतच बोलली, “शाळंत पोरींच्या संडासाला आतनं कडी न्हाय. एक आत जाती तवा दुसरी भाईर दार धरून उभी ऱ्हाती.” क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग चौघीजणी एकदम बोलू लागल्या. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला. दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सभेत याच बायका कडेला पदर सावरून बसल्या होत्या. समोर सासरे, दीर, भावकी. कडीचा विषय तिथं कुणी काढला नसता. वहीत ठराव होता म्हणून तो वाचावा लागला.

वेगळ्या जागेचं काम एवढंच आणि हेच. चारचौघांत जे तोंडातून निघत नाही ते आधी आपल्या माणसांत बोलून घ्यायचं, आणि मग चारचौघांपुढं ठेवायचं. ही युक्ती जुनी आहे. सावित्रीबाई फुल्यांनी 1852 साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं, तिळगुळाला सगळ्या जातींच्या बायकांना बोलावलं आणि एकाच जाजमावर बसवलं. पुरुषांना वगळणारी ती बैठक जातीला मात्र वगळत नव्हती. वेगळी जागा कुणाला बाहेर ठेवते हे सगळेच बघतात. कुणाला आत घेते तेही बघायला हवं.

आता पुरुषांचं. त्यांना वेगळी जागा नाही असं म्हणणं जरा धाडसाचंच. पार त्यांचा, कट्टा त्यांचा, सलून आणि पानटपरी त्यांचीच. महिला सरपंचांच्या पतीलाच ‘सरपंच’ म्हणून हाक मारणारी गावं अजून आहेत. पण या साऱ्या जागांवर पुरुष बोलतात कशावर? राजकारण, क्रिकेट, जमिनीचे भाव. स्वतःवर नाही. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दर 10 जणांत साधारण 7 पुरुष असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत बँकेचं किती आणि सावकाराचं किती, हे बायकोला दिवस-तेरावं उरकल्यावर कळतं. हा माणूस रोज पारावर बसत होता. त्याच्याजवळ बसणाऱ्यांनाही आकडा माहीत नव्हता.

म्हणून पुरुषांनी आपसात बोलावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते करून पाहणारे आहेत. मुंबईत 1993 पासून ‘मावा’ ही पुरुषांचीच संस्था पुरुषांशी हिंसेविषयी, मर्दपणाच्या कल्पनांविषयी बोलते आहे. पुण्यात पुरुषांसाठी संवाद केंद्र काढलं ते नारी समता मंचानं, म्हणजे बायकांच्या प्रश्नांवर उभ्या राहिलेल्या संस्थेनं. यात नवल वाटावं असं काही नाही. घरातला पुरुष मुका राहिला की त्याची किंमत कोण मोजतं, हे त्यांना ठाऊक होतं.

माझी तक्रार आहे ती ‘पुरुषांचे हक्क’ अशी पाटी लावून बायकांचेच दोष मोजणाऱ्या टोळक्यांविषयी. तिथं खोट्या तक्रारींनी पोळलेला एखादा खरा माणूसही असतो, त्याचं ऐकायलाच हवं. पण तासाभरात त्याचं दुःख बाजूला पडतं आणि समस्त सुनांचा उद्धार सुरू होतो. आपल्या वेगळ्या बैठकीत गैरहजर माणसाविषयी किती बोललो आणि स्वतःविषयी किती, हा हिशेब ज्याचा त्यानं मांडावा. बायका हळदीकुंकवात नवऱ्यांची उणीदुणी काढतातच की, असं कुणी म्हणेल. काढतात. पण जिचा दिवस दुसऱ्याच्या मर्जीवर ठरतो, तिला त्या दुसऱ्याचं नाव घेतल्यावाचून स्वतःविषयी बोलता येत नाही. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत.

महिलांच्या सभेचं सगळं आलबेल आहे असंही नाही. कित्येक ठिकाणी ती वहीतच भरते. शिपाई घरोघर जाऊन अंगठे घेऊन येतो. तरी जिथं भरते तिथं तिला एक शिस्त असते : झालेला ठराव दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढं वाचला जातो. पुरुषांच्या सभेला हाच नियम लावून बघा. पहिला विषय, ‘कुणावर किती कर्ज’. आणि ठराव, ‘हा आकडा आज रात्री घरी सांगायचा.’ असा विषय पत्रिकेवर घ्यायला कुणी तयार असेल, तर त्या सभेला माझा हात वर आहे.