सन्मानाची पदवी आणि विधवेचा दावा

बारावीचा निकाल लागला की कायद्याकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींचे पालक आम्हा धर्मगुरूंना हटकून विचारतात, "फादर, कुठल्या महाविद्यालयात घालावे?" प्रश्न व्यवहाराचा वाटतो, परंतु त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न दडलेला आहे.

मार्ग मुख्यतः दोन. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९८८ साली पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. त्याच धर्तीवर पुढे अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली; महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. बहुतेक ठिकाणी 'क्लॅट' परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो, पदवीला 'ऑनर्स' हा शब्द लागतो आणि वर्षाचा खर्च लाखांत जातो. दुसरा मार्ग साधा : आधी कोणतीही पदवी, मग तीन वर्षांची एलएल.बी. १८५५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शुल्क त्या मानाने अगदी थोडे. वकिलीची सनद मात्र दोन्ही वाटांनी सारखीच मिळते.

मग 'ऑनर्स'चा मान कशासाठी? तरुण वकिलाच्या मानेवर कर्जाचे हप्ते असतील, तर जमिनीच्या वादात नाडलेली विधवा दारी आल्यावर तो तिचे वकीलपत्र घेऊ शकेल काय? संत लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी न्यायाधीशाचा दाखला आपण सारे जाणतो. त्या विधवेच्या बाजूने बोलणारा एकही वकील त्या दाखल्यात नाही! वकिलांचे आश्रयदाते, ब्रिटनीचे संत इव्हो (मृत्यू १३०३) गोरगरिबांचे दावे मोबदल्याविना चालवीत असत.

याचा अर्थ स्वस्त तेच पुण्याचे, असा मुळीच नव्हे. संत आल्फोन्सस लिगोरी १७१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, नेपल्स येथे कायद्याचे डॉक्टर झाले. १७२३ साली एका मोठ्या दाव्यात दस्तऐवजाचा अर्थ लावताना त्यांची चूक झाली, असे चरित्रकार सांगतात. दावा हरला, त्यांनी वकिली सोडली आणि पुढे ते नीतिशास्त्राचे थोर आचार्य झाले. एवढ्या विद्वानाची ही गत, तर कच्च्या शिक्षणाने अशिलाचे किती नुकसान होईल! सद्भावना असूनही ज्ञान अपुरे पडले तर जमीन जाते ती गरिबाची. म्हणून कसून शिकणे हेही प्रीतीचेच कर्तव्य होय.

तेव्हा पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्हांस वाटते. अध्यापक खरोखर शिकवितात काय? तेथील कायदेविषयक मदत केंद्र चालू आहे, की दारावर नुसती पाटी आहे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने गरिबाला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला. त्या कामाची गोडी विद्यार्थ्यास अशा केंद्रातच लागते. आणि तिसरे, कर्जाचा आकडा मुलासमोर मांडला आहे काय? शिष्यवृत्तीने भार हलका होत असेल, तर खुशाल दूर पाठवावे. वाडी विकावी लागत असेल, तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयात शिकून ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करण्यात कमीपणा नाही.

पदवीचा मान विद्यापीठ देते. दारी आलेल्या विधवेला 'या, बसा' म्हणण्याची मोकळीक मात्र घरानेच द्यावयाची असते. अर्ज भरण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून, प्रार्थनापूर्वक याचा विचार करावा.