दिसेनासे तेल

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदरानजीक ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात गेले. तटरक्षक दलाने तवंगावर रसायन फवारले. अशा फवारणीने तेल नष्ट होत नाही. सूक्ष्म थेंब होऊन ते दिसेनासे होते. दुर्घटनेनंतरच्या प्रसिद्धिपत्रकांतील ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ हे वाक्यही पुष्कळदा हेच करते. मात्र रसायनामुळे तेल पचवणाऱ्या जिवाणूंचे काम सुकर होते. त्या वाक्यामुळे केवळ बोलणाऱ्याचे. त्या पावसाळ्यात ग्राहकांनी मासळीकडे पाठ फिरवली. ज्यांनी थेंबभर तेल सांडले नव्हते, त्या कोळ्यांनी किंमत मोजली. तेल किती, कोठवर गेले, मासळी खावी की नाही, हे जाणण्याचा पहिला हक्क त्यांचा. ते वेळेवर सांगणे हाही सफाईचाच भाग होय.