संकटाची कथा आणि सत्याचे ऋण

भोपाळच्या विषारी वायूच्या रात्रीवर रचलेली ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची मालिका २०२३ साली घरोघरच्या पडद्यावर आली. सुरतेस उधना भागात राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांसमवेत ती पाहण्याचा योग आम्हांस आला. हे गृहस्थ मूळचे खानदेशचे. तरुणपणी यंत्रमागावर काम करण्यासाठी तापीकाठच्या या नगरीत आले आणि येथलेच झाले. मालिका संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्या कोणी आमच्या चौऱ्याण्णवच्या प्लेगावर असेच नाटक काढील. त्यात मी पळताना दिसेन. पण मी परत आलो, हे कोण दाखवील?”

या एका प्रश्नात आजच्या आमच्या विवेचनाचा सारा विषय सामावलेला आहे. जे संकट खरोखर घडले, ज्यात माणसे मेली आणि ज्यातून वाचलेली माणसे अद्याप आपल्यांत आहेत, त्याची कथा रचताना कलावंताने सत्यात किती भर घालावी, आणि त्यातून किती वगळावे?

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत जे घडले ते आठवून पाहू. त्या पावसाळ्यात तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले होते. ते ओसरल्यावर चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे मागे राहिली. पुढे फुप्फुसाच्या प्लेगाची वार्ता पसरली आणि काही दिवसांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. अनेक खाजगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलुपे लावली. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका मात्र रुग्णांपाशी थांबल्या. हा रोग प्लेगच होता काय, याविषयीही तेव्हा वैद्यकांत मतभेद झाले. अधिकृत गणनेप्रमाणे देशभरातील मृत्यू साठाहून कमी होते.

आता नाटककाराच्या आसनावर बसून या हकिकतीकडे पाहावे. साठाहून कमी मृत्यू त्याला अपुरे वाटतील. तो प्रेतांचे ढीग रचील. रस्त्यांवरून उंदरांच्या झुंडी धावविण्याचा मोह त्याला आवरणार नाही. वस्तुतः फुप्फुसाचा प्लेग माणसाच्या श्वासातून माणसाला होतो. सगळे डॉक्टर पळाले आणि एकटा नायक उरला, असे दाखविणेही त्याला सोयीचे पडेल. पण त्या सोयीपायी थांबलेल्या शंभर जणांचे कर्तृत्व पुसले जाईल, हे त्याच्या ध्यानी येईल काय?

कलावंताने काहीच बदलू नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या नाट्यशास्त्राने प्रख्यात कथा आणि कल्पित कथा असा भेद जाणला, आणि प्रख्यात कथेतही रसाला बाधक तो अंश गाळण्याची वा पालटण्याची मुभा कवीला दिली. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही लोकापवादाच्या भयाने नाकारतो. कालिदासाने मध्ये दुर्वासाचा शाप आणला आणि राजाचा दोष विस्मृतीच्या माथी गेला. नाटक त्यामुळे अजरामर झाले. परंतु त्या बदलाने कोणाचे नुकसान झाले? दुष्यंताकडून न्याय मागणारे कोणी मागे राहिलेले नव्हते.

आधुनिक आपत्तीच्या नाटकात नेमके हेच बदलते. भोपाळात, दिल्लीच्या उपहार चित्रगृहात किंवा सुरतेत ज्यांची माणसे गेली, ती मंडळी प्रेक्षकांत बसलेली असतात. उपहारच्या १९९७ च्या आगीत ५९ जण गेले, आणि त्या आगीवरील मालिका आपली दोन मुले गमावलेल्या मातापित्यांच्या ग्रंथावरून २०२३ साली तयार झाली. अशा ठिकाणी कोणी दुर्वासाचा शाप आणील, तर तो कलाविलास राहणार नाही. ती साक्ष फिरविणे ठरेल. म्हणून आमची पहिली कसोटी अशी : दोष ज्याचा असेल त्याच्यावरून तो काढू नये, आणि ज्याचा नसेल त्याच्यावर लादू नये.

दुसरी कसोटी श्रेयाची. २०१९ सालच्या ‘चेर्नोबिल’ मालिकेत उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ स्त्री सर्वस्वी कल्पित आहे. अनेक शास्त्रज्ञांचे परिश्रम तिच्या ठायी एकवटले आहेत, आणि मालिकेच्या अखेरीस तसे स्पष्ट सांगितलेही आहे. ही मोकळीक आम्हांस प्रामाणिक वाटते. परंतु त्याच मालिकेत लेगासॉव हे शास्त्रज्ञ १९८७ च्या खटल्यात उभे राहून सत्य सांगतात; प्रत्यक्षात ते त्या न्यायालयात नव्हतेच. येथे जे धैर्य इतिहासात त्या जागी प्रकट झाले नाही, ते दान दिले गेले. उलट, भोपाळ स्थानकावर नियम बाजूस सारून गाडी वेळेआधी सोडणारे गुलाम दस्तगीर यांच्यासारखे पात्र ‘द रेल्वे मेन’मध्ये निराळ्या नावाने वावरते. नाव बदलल्याने लेखक मोकळा झाला; पण प्रेक्षकांच्या ओठी मूळ नाव आले नाही.

तिसरी कसोटी संदेहाची. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. हा निसर्गाचा कोप होता, की दरवाजे उघडण्यातील विलंबाचे फळ होते, हा वाद पुष्कळ दिवस चालला. जेथे खुद्द जाणत्यांत एकमत नाही, तेथे नाटककाराने निकाल देऊन मोकळे होऊ नये. संदेह हाही सत्याचाच भाग आहे, आणि समर्थ लेखणीला तोही रंगविता येतो.

यावर कोणी म्हणेल, की आरंभी ‘पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ अशी पाटी दाखविली म्हणजे झाले. आम्हांस हे पटत नाही. पाटी क्षणभर दिसते आणि चित्र जन्मभर राहते. पुढच्या पिढीच्या मनात १९९४ ची सुरत म्हणजे ते चित्रच असेल.

येथे आपण मराठी वाचकांनीही अंतर्मुख व्हावे. १६६४ आणि १६७० सालच्या सुरतेच्या स्वाऱ्या आपण अभिमानाने वाचतो, आणि त्यांचे राजकीय कारण आपल्याला ठाऊक आहे. पण वीरजी व्होरासारख्या सुरतेच्या व्यापाऱ्याच्या घरी त्याच दिवसांची आठवण कोणत्या शब्दांत सांगितली गेली असेल? कथा कोणाच्या दारात उभे राहून सांगितली जाते, यावर तिचे सत्य पुष्कळ अवलंबून असते.

आमच्या त्या वृद्ध मित्राची हकिकत आम्ही मागाहून ऐकली. नंदुरबारकडील गाडीत मुलाबाळांना घेऊन ते चढले, तेव्हा शेजारच्या खोलीत एकटा मजूर तापाने पडला होता. त्याला सांगून निघण्याचेही धैर्य त्यांना झाले नाही. कुटुंबाला गावी पोचवून ते चौथ्या दिवशी एकटेच परतले. शेजारी बरा होऊन उठून बसला होता. “त्याने मला काही विचारले नाही,” ते म्हणाले, “तेच मला अजून टोचते.”

असा प्रसंग कोणता नाटककार कल्पनेने रचील? त्यात खलपुरुष नाही, वीरपुरुषही नाही. भ्यालेला आणि परतलेला एक माणूस आहे. जो कलावंत धीराने शोधील, त्याला सत्यातच हे सापडेल. ते न शोधता केवळ भय आणि शौर्य विकणे म्हणजे मृतांच्या आणि जिवंतांच्याही ऋणात राहणे होय.