वाजत्या कानाची सकाळ

पहाटेची शांतता ज्यांच्या वाट्याला येत नाही, अशी बरीच माणसं आपल्या आसपास राहतात. गजराच्या आधी जाग येते. दूधवाला अजून आलेला नसतो, नळाला पाणी आलेलं नसतं, आणि तरी कानात किर्र चालू असतं. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला बारीक शिट्टी, कुणाला नुसती गुणगुण. शेजारी झोपलेल्या माणसाला विचारावं तर त्याला काहीच ऐकू येत नाही. माझे दोन्ही कान गेली काही वर्षं असे वाजतात, डावा जरा अधिक. या त्रासातलं सगळ्यात जड काय असेल, तर तो दुसऱ्याला दाखवता येत नाही. ताप मोजता येतो, सूज दिसते. हा आवाज ज्याचा त्यालाच.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात आणि वैद्य कर्णनाद. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्या यादीत कर्णनाद आहे आणि कानात साचून राहणारा मळही आहे. आजही कान वाजतो म्हणून कुणी दवाखान्यात गेलं, की डॉक्टर आधी मळ आहे का ते पाहतात. खुर्चीत बसलेला माणूस तेव्हा मनातल्या मनात एकच गोष्ट मागत असतो: मळच निघू दे. मळ असेल तर तो काढता येतो, आणि तो काढला की आवाज जाईल. ही आशा खोटी नाही. काही जणांचा आवाज मळाबरोबर खरोखरच जातो. सगळ्यांचा जात नाही.

मळाविषयी आपल्याकडे गैरसमज फार. तो घाण आहे, रोज काढलाच पाहिजे, हे आंघोळीनंतर आई टॉवेलचं टोक पिळून कानात फिरवते तेव्हापासून मनात बसतं. पुढे मग कानकोरणं, हेअरपिन, काडेपेटीतली काडी, गाडीची किल्ली, जे हाताशी येईल ते. खरं पाहता कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते आणि मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागातच. तिथल्या ग्रंथींचा स्राव, गळालेल्या पेशी आणि धूळ यांचा तो बनतो. किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत जाऊ देत नाही, जंतूंना आणि बुरशीला थारा देत नाही. नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अगदी सावकाश सरकत असते, बोलताना आणि घास चावताना जबडा हलतो त्याची तिला मदत होते, आणि जुना मळ आपल्याआप बाहेर पडतो. म्हणजे पडद्याशी मळ जमायचं मुळात कारणच नाही. बऱ्याचदा तो तिथे जातो तो आपणच बड घालून ढकलल्यामुळे. श्रवणयंत्र किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन सतत वापरले, तरी त्याची वाट अडते. वय वाढलं की तो कोरडा होतो आणि सहज सुटत नाही.

ऐन पावसाळ्यात माझ्या डाव्या कानाला दडा बसला. डोक्यावरून पाणी घेतलं, आतला मळ फुगला आणि कान गच्च झाला. बाहेरचं सगळं लांब गेलं आणि आतला आवाज एकदम पुढे आला. असं होतं याचं कारण साधं आहे. रस्ता, पंखा, स्वयंपाकघर, माणसांचं बोलणं, या सगळ्याखाली एरवी तो आवाज झाकलेला असतो. मळाने बाहेरचं दार लावलं की झाकणारं काही उरत नाही.

घरातून कोमट तेलाचा आग्रह झाला, त्यात लसणीची पाकळी उकळून. आपल्याकडे हा उपाय फार मायेने केला जातो, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड जातं. तरीही नाही म्हणावं. पडद्याला भोक आहे की नाही हे घरात कुणालाच दिसत नाही, आणि भोक असलेल्या कानात तेल-पाणी गेलं तर संसर्ग मधल्या कानापर्यंत पोचतो.

डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. आधी कान पाहून पडदा कुठे इजा झालेला नाही ना याचा अंदाज घेतला, मळ मऊ व्हायला काही दिवस थेंब घालायला दिले आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या वेळी खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, कान वाजतो का?" त्या प्रश्नाचं मला फार मोल वाटतं. मळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीचा कानाच्या आत मोठा आवाज होतो. ज्याचा कान आधीच वाजतो, त्याला तो सोसत नाही, आणि क्वचित नंतर काही काळ नाद वाढलेला राहतो. मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी बारीक हत्यारानेच काढते. सक्शन लागलंच तर थोडं थोडं वापरीन. सहन झालं नाही तर हात वर करा, लगेच थांबते. मान मात्र हलवू नका." सूक्ष्मदर्शकातून बघत त्यांनी शांतपणे काम केलं. कान वाजत असेल तर मळ काढायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगावं. त्यांनी विचारायची वाट पाहू नये.

पिचकारीने पाणी मारूनही मळ काढतात. त्या पाण्याला शरीराइतकीच ऊब लागते, ३७ अंश सेल्सियसच्या आसपास. गार किंवा जास्त गरम पाणी गेलं तर माणसाला गरगरतं. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी रुग्णांचे कान धुताना हेच पाहिलं. पाणी गार असलं की डोळ्यांची बुबुळं एका दिशेने झटके खातात, गरम असलं की उलट दिशेने. त्यावरून आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची परीक्षा करायची रीत निघाली. १९१४ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं आणि ही बातमी त्यांना समजली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. कान धुण्यासारखं साधं काम करताना समोरच्या माणसाची तक्रार मन लावून ऐकली, तर ती कुठवर नेते!

मळ निघाला, काळपट तपकिरी, खड्यासारखा. आधी ऐकू आल्या त्या माझ्याच हातातल्या बांगड्या. मग चिठ्ठीचा कागद फाडल्याचा आवाज, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं ते. आणि आतला आवाज? तो कमी झाला होता, गेला नव्हता. डॉक्टरांनी त्याच दिवशी श्रवणचाचणी करून घेतली आणि वरच्या पट्टीतलं माझं ऐकणं उतरलेलं आहे, हे आलेखावर बोट ठेवून दाखवलं.

आतल्या कानात, शंखाच्या आकाराच्या भागात, जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. बाहेरच्या लहरींचं मेंदूला कळेल अशा संदेशात रूपांतर होतं ते त्यांच्यामुळे. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात. ज्या पट्टीतल्या पेशी गेल्या, त्या पट्टीतून मेंदूला काही मिळेनासं होतं. मग मेंदू आपली संवेदना वाढवत नेतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात, आणि त्या वाढलेल्या संवेदनेला स्वतःच्याच मज्जातंतूंची हालचाल ऐकू येऊ लागते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. पूर्ण शांतता फारच थोड्यांना मिळते, आणि माझ्यात काहीतरी भलतंच बिघडलेलं आहे ही मनातली भीती त्यामुळे कमी झाली.

काही सज्जन म्हणतात, हा अनाहत नाद समजा. काही म्हणतात, मागे तंबोरा चाललाय असं समजा. त्यांच्या मनातली कळकळ मला समजते, पण तंबोऱ्याची उपमा मला पटत नाही. तंबोरा गाणारा आपल्या स्वराला लावून घेतो. इथे खुंटी कुणाच्याच हातात नाही. मला त्यापेक्षा चेक संगीतकार बेड्रिख स्मेटाना जवळचा वाटतो, कारण त्याने या आवाजाला गोड नाव दिलं नाही. १८७४ च्या ऑक्टोबरात, पन्नाशीत, तो पूर्ण बहिरा झाला. त्याआधी त्याच्या कानात एक तीव्र शिट्टी वाजू लागली होती. पुढे १८७६ साली त्याने 'माझ्या आयुष्यातून' नावाची चार तंतुवाद्यांची रचना केली. तिचा शेवटचा भाग आनंदाने धावत असतो, मधेच सगळं थांबतं आणि पहिलं व्हायोलिन एकच वरचा स्वर लांबवर धरून ठेवतं. कानातली ती शिट्टी त्याने अशी लिहून ठेवली. आणि ज्या नदीच्या संगीतासाठी जग त्याला ओळखतं, ते 'व्लतावा' त्याने लिहिलं ते बहिरेपण आल्यानंतरच्या काही आठवड्यांतच.

या आवाजासकट जगायचं म्हणजे त्याच्याशी रोज झुंजायचं नाही, हे मला आता पुरतं पटलं आहे. तो आहे का, किती आहे, काल होता तेवढाच आहे का, असं तपासत बसलं की तो वाढतो. त्याला धोका मानणं सोडलं की मेंदू हळूहळू त्याच्याकडे लक्ष देणं कमी करतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला दिवसभर ऐकू येत नाही, तेही यामुळेच. यासाठी समुपदेशन आहे, विचारांना वळण लावणारी उपचारपद्धती आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे जातो. रात्री अगदी नि:शब्द खोली बरी नाही. पंखा किंवा हलका रेडिओ चालू असावा. तो आवाज कायमचा घालवणारं औषध मात्र आज नाही. हमखास गुण येईल म्हणून कानात घालायला जे विकलं जातं, त्यावर पैसे घालू नयेत.

मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचणारी मुलं आणि पथकात तासन्‌तास ताशाजवळ उभी राहणारी मुलं पाहिली की काळजी वाटते. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. मिरवणुकीनंतर रात्रभर कान वाजत राहिला, तर तो इशारा असतो. कानात बोळे घालून वाजवलं म्हणून उत्सवाचा आनंद कमी होत नाही.

तुमच्या घरात कुणी कान वाजतो म्हणालं, तर 'लक्ष देऊ नकोस' एवढं सांगून विषय संपवू नका. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा चक्कर येत असेल तर टाळाटाळ करू नका. आणि एखाद्या सकाळी एका कानाने ऐकूच येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.