शिल्पकाराचं खोटं

गेरिट व्हॅन डर वेन या डच शिल्पकाराची शिल्पं फार थोड्यांना ठाऊक आहेत. त्याच्या नावावर सांगितलं जाणारं सर्वांत मोठं काम म्हणजे खोटी ओळखपत्रं. त्याच्या गटाने तयार केलेल्या पत्रांचा आकडा सुमारे ८० हजार सांगतात. एवढं खोटं पसरवणाऱ्या माणसाचं नाव आज अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका रस्त्याला आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. का वाटत नाही, ते मात्र मला नीट सांगता आलं पाहिजे.

जन्म १९०२ चा, अ‍ॅमस्टरडॅममधला. काही काळ कुरासाव बेटावर तेलकंपनीत नोकरी, मग परत येऊन यान ब्रोनर यांच्याकडे शिल्पकलेचं शिक्षण. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. शिल्पकाराचा हात कुठे स्थिरावू लागतो ते हे वय. आपण आर्य आहोत असं लिहून देण्याची मागणी झाली, त्याने सही केली नाही. १९४२ मध्ये ‘कुल्टूरकामर’चं सभासदत्व कलावंतांना सक्तीचं झालं. सभासद नाही तर प्रदर्शन नाही, काम नाही. त्याने कलावंतांचा विरोध संघटित केला, ‘मुक्त कलावंत’ अशा अर्थाच्या नावाचं भूमिगत पत्र चालवायला मदत केली. आणि छिन्नी बाजूला ठेवून तो छपाईकडे वळला.

या कथेत मला खरा छळतो तो दुसराच माणूस. याकोब लेंट्झ, लोकसंख्या नोंदणी खात्याचा प्रमुख. जलचिन्हाचा कागद, फोटो, बोटाचा ठसा असलेलं, नक्कल करायला जवळजवळ अशक्य असं ओळखपत्र त्याने तयार केलं. ही कल्पना युद्धापूर्वी डच सरकारने नाकारली होती. जर्मनांनी ती उचलून धरली. लेंट्झ कामात चोख, कागदावर खाडाखोड न चालवून घेणारा. त्याच्या पत्रावर सगळं खरं असे, आणि त्या खरेपणामुळेच ज्यू माणूस चौकाचौकात सापडत असे. त्याच्याइतकाच बारकाईने काम करणारा शिल्पकार त्याच पत्राची नक्कल करत होता. कसब दोघांकडेही होतं. कारागिरीतला प्रामाणिकपणा म्हणजेच नीती, असं आपण कलेच्या जगात किती सहज बोलून जातो!

कांटने १७९७ मध्ये लिहिलं की खुनी दारात येऊन विचारत असला तरी खोटं बोलू नये. आपल्याकडे कर्णपर्वात याच प्रश्नाला कृष्ण कौशिकाच्या गोष्टीने उत्तर देतो. सत्यव्रती कौशिकाने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. मला कांटपेक्षा ही गोष्ट शहाणी वाटते. कौशिकाचं व्रत स्वच्छ राहिलं, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. व्हॅन डर वेनच्या खोट्याची किंमत आधी त्याच्या स्वतःच्या अंगावर येणार होती. पण हा निकषही पुरत नाही. कोणताही माथेफिरू स्वतःचा जीव पणाला लावतो म्हणून त्याचं कृत्य योग्य ठरत नाही.

म्हणून २७ मार्च १९४३ ची रात्र बघावी लागते. खोटं पत्र कितीही चांगलं असलं तरी नोंदणी कार्यालयातल्या मूळ कार्डाशी ताडून पाहिलं की पकडलं जाई. तेव्हा विलेम अरोंडेउस, व्हॅन डर वेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना मारलं नाही, तर इंजेक्शनने झोपवून शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत नेऊन ठेवलं, आणि मग स्फोट केले. सुमारे आठ लाख कार्डांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास नष्ट झाली. बाकीची शाबूत राहिली. अरोंडेउससह बारा जणांना १ जुलैला गोळ्या घातल्या गेल्या. पहारेकऱ्याला झोपवण्यासाठी घेतलेली ती तसदी मला ८० हजारांच्या आकड्याहून मोठी वाटते. शत्रूच्या कागदांशी खोटं, त्याच्या नोकराच्या जिवाशी नाही.

वर्षभराने मात्र हा भेद इतका स्वच्छ राहिला नाही. १ मे १९४४ च्या पहाटे तो साथीदारांना सोडवायला हत्यारं घेऊन तुरुंगात शिरला. पाठीत गोळी लागली, पाय लुळे पडले, थोड्याच दिवसांत पकडला गेला. १० जूनला ओव्हरव्हेनच्या वाळूच्या टेकड्यांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. बरोबर योहान लिम्पर्स होता, तोही शिल्पकारच. तुरुंगावरच्या त्या हल्ल्याला माझा निकष लावायला गेलं की तो अडखळतो, आणि तो अडखळतो म्हणून मी त्या माणसाला कमी लेखणार नाही.

लेंट्झला युद्धानंतर तुरुंगवासाची शिक्षा झाली. अ‍ॅमस्टरडॅममधला तो रस्ता पूर्वी युटर्पेच्या, म्हणजे ग्रीकांच्या संगीतदेवतेच्या नावाचा होता. युद्धकाळात जर्मन गुप्त पोलिसांचं कार्यालय त्याच रस्त्यावर होतं.